‘फिटनेस आणा’ यात गेलेले २६ दिवस

आईच्या पित्ताशयात खडे निघाले, दुर्बिणीने ऑपरेशन करायचं ठरलं. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, सर्जनची भेट हे सगळं चार दिवसांत उरकलं. अडलो ते भूलपूर्व तपासणीच्या खिडकीशी. आज आई ठणठणीत आहे, पण ते २६ दिवस आठवले की अजून डोकं तापतं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आई ६८ वर्षांची, बीपी बारा वर्षांपासून. टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलॉल २५ नेमाने घेते. पहिल्या सोमवारी भूलतज्ज्ञांकडे गेलो. लिफ्ट बंद, म्हणून आई तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून गेली. धाप लागलेली असतानाच तिला स्टुलावर बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला. १९६/१०८. नाडी १०४. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, “फिटनेस लई आवो, पछी तारीख मळशे.” म्हणजे फिटनेस आणा, मग तारीख मिळेल.

फिटनेस म्हणजे नेमकं काय आणायचं, कशाची भीती आहे, हे कोणी सांगितलं नाही. फिजिशियनची ओपीडी फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, तीही दुसऱ्या इमारतीत. गुरुवारी तिथे बीपी भरलं १५२/८८. त्यांनी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी सांगितली, इकोचा नंबर लागला नऊ दिवसांनी. इकोत हृदयाचं पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम, फक्त डावा कप्पा थोडा जाड झालेला. इतक्या वर्षांच्या बीपीने तसं होतं म्हणे. पुढच्या मंगळवारी त्यांनी ‘फिट’ असं लिहून दिलं. मला वाटलं, सुटलो.

बुधवारी पुन्हा तिसरा मजला. तोच पट्टा, तेच स्टूल. १८८/१०४. “बीपी कंट्रोल करून या.” हातात फिटनेसचा कागद होता, तो कोणी उघडूनही पाहिला नाही. गुरुवारी फिजिशियननी तो आकडा बघून टेल्मिसार्टन ४० चं ८० केलं. रविवारी सकाळी आई देवापुढून उठताना भिंतीला धरून खाली बसली. घरच्या मशीनवर १०२/६०. हात थंडगार पडलेले. त्या क्षणी माझा जो संताप झाला तो अजून उतरलेला नाही. ज्या बीपीवर औषध वाढवलं, ते बीपी तिचं नव्हतंच.

हे कळलं आमच्या घरच्या डॉक्टरांमुळे. सोमवारी संध्याकाळी गेले. आईच्या दंडाकडे बघून त्यांनी टेप काढली. दंडाचा घेर ३६ सेंटिमीटर. साधा पट्टा साधारण ३४ पर्यंतच चालतो. दंड जाड आणि पट्टा लहान असला की आकडा खोटा चढा येतो. आमच्या घरच्या मशीनचा पट्टा रुंद मापाचा निघाला, म्हणून घरचे आकडे वेगळे यायचे. त्यांनी गोळी परत ४० वर आणली आणि म्हणाले, “वही कर. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा.” चार दिवसांत सरासरी निघाली १३८/८२, नाडी ७२.

शुक्रवारी मी ती वही, इको, ईसीजी आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन गेले. त्या दिवशी लिफ्ट सुरू होती. आईला आधी पंधरा मिनिटं बाकावर बसवलं. मोठा पट्टा आहे का विचारलं, तर “आ ज छे”, हाच आहे, असं उत्तर आलं. मी हटले नाही. आवाज ऐकून आतून एक वयस्क भूलतज्ज्ञ मॅडम आल्या आणि त्यांनी खणातून मोठा पट्टा स्वतः काढला. १५८/९०. दवाखान्यात एवढं वाढणं साहजिक आहे, म्हणाल्या, आणि वही हातात घेऊन प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत वाचली. “मला हेच हवं होतं. बांचं रोजचं बीपी.” बा म्हणजे गुजरातीत आई.

मग ईसीजीच्या पाकिटावर त्यांनी पेनाने एक रेघ काढली. सरळ, मग खोल खड्डा, मग एकदम टेकडी. भूल देतानाची पहिली काही मिनिटं अशी असतात. झोपेचं औषध, बहुधा प्रोपोफॉल, रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून बीपी घसरतं. मग श्वासनलिकेत नळी घालताना शरीर दचकतं, बीपी आणि नाडी उसळतात. जाड झालेलं हृदय ताठ असतं, त्याला भरायला वेळ लागतो. नाडी फार वाढली तर ते भरतच नाही, आणि बीपी फार पडलं तर हृदयाच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्यांना रक्त कमी पडतं. दोन्हीकडून सांभाळायचं. त्यासाठी झोपेचं औषध थोडं थोडं, सावकाश द्यायचं, आधी वेदना दाबणारं फेंटानिल, उसळी आली तर एस्मोलॉल, घसरलं तर मेफेंटरमाइन किंवा फेनिलेफ्रिन. ही इंजेक्शनं भरून, लेबल लावून ट्रेमध्ये आधीच तयार ठेवतात. आणि ‘घसरलं’ हे कशाच्या मानाने ठरवायचं? रोजच्या बीपीच्या मानाने. साधारण २० टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. १९६ हेच आईचं नेहमीचं बीपी मानलं असतं तर सगळं गणितच चुकलं असतं.

एवढं पहिल्याच सोमवारी खिडकीवर कोणी सांगितलं असतं तर? पाच मिनिटांचं काम होतं.

गोळ्यांबद्दलही मॅडमनीच स्पष्ट सांगितलं. फिजिशियनच्या कागदावर ‘सर्व औषधे चालू ठेवा’ असं होतं. मॅडमनी टेल्मिसार्टन ऑपरेशनच्या २४ तास आधी बंद करायला लावलं, कारण त्या जातीच्या गोळ्या पोटात असल्या की भुलेत पडलेलं बीपी लवकर वर येत नाही. मेटोप्रोलॉल मात्र सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायलाच सांगितलं, ते अचानक तोडलं तर नाडी उसळते. तुमच्या गोळ्या वेगळ्या असतील, तेव्हा नावं दाखवून एकेक गोळीचं विचारा आणि उत्तर लिहून घ्या. मधुमेहाच्या काही गोळ्या तर तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात.

पाण्याचंही तसंच. आदल्या रात्रीपासून घोटभरही पाणी न देता माणसाला सुकवून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. मॅडम म्हणाल्या, जेवण रात्री हलकं, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. शरीर कोरडं पडलं की प्रोपोफॉलने बीपी आणखी खाली जातं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, आत्ता आठवली. आई दाताला तपकीर लावते, इथे बजर म्हणतात. पहिल्या सोमवारी घरून निघताना लावली होती आणि मला सांगितलं नव्हतं. मॅडमनी थेट विचारलं तेव्हा ती लाजत हो म्हणाली. तंबाखूने नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे मायेने आणि एकट्यात विचारा, चारचौघांत ती सांगणार नाहीत.

ऑपरेशन पुढच्या बुधवारी झालं. बाहेर पाऊस, भाऊ पुण्याहून दर दहा मिनिटांनी फोन करत होता. मॅडम बाहेर आल्यावर मी तक्ता बघू का म्हणून विचारलं आणि त्यांनी खरंच दाखवला. सुरुवातीला १४६. झोपेच्या औषधानंतर सर्वांत खाली ११२/६४. नळी घालताना १५८, नाडी ८८. तीन मिनिटांत १३२. त्यांनी पाकिटावर काढलेली तीच रेघ, पण खड्डा उथळ आणि टेकडी बुटकी.

ते पाकीट मी टाकलेलं नाही, वहीत ठेवलंय. वहीही चालू आहे, आज सकाळी १३४/८०.