आमची वाटचाल : पायऱ्यांच्या वहीपासून मोंतोनेपर्यंत

आमच्या कोल्हापूरच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात लाल कापडी बांधणीच्या तीन जाड वह्या आहेत आणि आमच्या टूर-संस्थेचे खरे भांडवल कोणते असे कोणी विचारले, तर मी त्या वह्यांकडेच बोट दाखवतो. इटलीतील प्रत्येक ठिकाणासाठी त्यांत एक पान आहे. पायऱ्या किती, त्यांना कठडा आहे का, कोचमधून उतरल्यावर किती चालावे लागते, वाटेत बाक कुठे आहे, सावली कुठे पडते, स्वच्छतागृहाला नाणे लागते का, अशा नोंदी मी स्वतः जाऊन, मोजून केलेल्या आहेत. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट, 463 पायऱ्या, लिफ्ट नाही. कोर्निल्या, स्टेशनपासून गावापर्यंत 382, पर्याय म्हणून मिनीबस. व्हेनिसच्या पानावर मात्र मी पायऱ्या मोजण्याचा नाद सोडून एवढेच लिहिले आहे, की चारशेच्या वर पूल आहेत, बहुतेक सगळ्यांना पायऱ्या आहेत आणि मोठी बॅग घेऊन आलेल्या माणसाचा पहिला दिवस वाया जातो.

1998 साली मी तिरुपती आणि अष्टविनायकाच्या बसचे बुकिंग घेत असे आणि 2003 पासून एका मोठ्या कंपनीचा सब-एजंट म्हणून युरोपच्या टूर विकत असे. त्या पंधरा दिवसांच्या टूरमध्ये इटलीच्या वाट्याला तीन दिवस येत. पिसाला पार्किंगपासून मनोऱ्यापर्यंत लोकांना धावत न्यायचे, मनोऱ्याला हात टेकल्याचा फोटो काढायचा आणि पुन्हा धावत कोच गाठायचा, कारण ड्रायव्हरच्या टॅकोग्राफचे, म्हणजे गाडी चालवल्याची वेळ नोंदवणाऱ्या यंत्राचे, तास कोणासाठी थांबत नाहीत. कमिशन वेळेवर येई, पण परतलेल्या माणसाला आपण नक्की काय पाहिले हे सांगता येत नसे, आणि ते मला मनापासून खटके.

2006 च्या पावसाळ्यात इतिहासाचे एक निवृत्त गुरुजी आमच्या दुकानात आले. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये वारले, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर नगरपालिकेने खास परवानगी देऊन त्यांचे दहन होऊ दिले आणि 1874 साली तिथे त्यांची स्मारक-छत्री उभी राहिली, हे त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितले आणि विचारले, ‘‘तुमची टूर फ्लॉरेन्सला जाते ना? मग तिथे का जात नाही?’’ मी मुख्य कंपनीला पत्र लिहिले. छत्री शहराबाहेर आहे, वेळेत बसत नाही, असे उत्तर आले. त्या उत्तरामुळेच मी सब-एजंटचे काम सोडले आणि मे 2007 मध्ये अकरा माणसांचा, फक्त इटलीचा, आमचा पहिला ग्रुप निघाला.

छत्री कॅशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. कोच तिथवर नेता आला नाही, म्हणून आम्ही उंच झाडांच्या सावलीतून नदीच्या कडेने चालत गेलो. गुरुजींचे गुडघे तेव्हाच दुखत होते आणि प्रत्येक बाकावर ते बसत होते. ते बाक मोजता मोजताच पहिल्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. झाडी संपली आणि छत्राखाली फेटा बांधलेल्या, दागिने ल्यालेल्या तरुण महाराजांचा रंगीत अर्धपुतळा समोर आला. गुरुजींनी चपला काढल्या. सामानात जपून आणलेली पंचगंगेच्या पाण्याची छोटी बाटली त्यांनी दोन नद्या मिळतात तिथे रिकामी केली आणि म्हणाले, ‘‘आपल्या चिखलीचा प्रयागसंगम असाच आहे.’’ आम्ही तिथे दीड तास होतो. त्या दिवशी उफीत्सी कलादालन हुकले आणि एकानेही तक्रार केली नाही.

इटली ही एक टूर नसून माणसागणिक वेगळी टूर आहे, हे मी तिथे शिकलो आणि पुढची सगळी आखणी त्यावरच केली. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना मी चिंक्वे तेरेची समुद्रकाठच्या डोंगरावरची पाच गावे दाखवत नाही. त्यांना कोमो सरोवरावर नेतो, कारण तिथे व्हारेन्नाहून बेलाज्योला जाणारी बोट हेच पाहणे असते आणि बसून पाहता येते. नवविवाहितांनाही कोमो आवडते, पण व्हेनिसमध्ये त्यांनी दोन रात्री मुक्काम करावा असा माझा आग्रह असतो, कारण दिवसाची गर्दी संध्याकाळी परत गेल्यावरच ते शहर श्वास घेते. आठ वर्षांखालील मुलांना पिसाच्या मनोऱ्यावर चढू देत नाहीत, हे बुकिंग घेतानाच सांगावे. तिथे पोहोचल्यावर रडणारे मूल आणि चिडलेला बाप सांभाळणे टूर मॅनेजरच्या हाती नसते. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी पादुआ, असिसी आणि रोम अशी वेगळी आखणी आहे. पादुआला संत अंतोनींच्या बॅसिलिकेत त्यांना घड्याळ दाखवायचे नाही, अशी आमच्या माणसांना सक्त सूचना असते.

जैन आणि कडक शाकाहारी मंडळींसाठी मी चीजचा अभ्यास केला. अस्सल पार्मिजानो बनवताना वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, वापरतात, हे आमच्या व्यवसायातील अनेकांना आजही ठाऊक नाही आणि ते निःशंकपणे ‘व्हेज पास्ता’ म्हणून वाढतात. उलट लिगुरियातील फारिनाता म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचे भट्टीत भाजलेले जाड धिरडे. इचलकरंजीच्या एका काकूंनी पहिला तुकडा मोडून वास घेतला, ‘‘अहो, हे तर बेसनच,’’ म्हणाल्या आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

सर्वांत समाधान मात्र तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी दिले. इतर कंपन्या शेतकऱ्यांनाही तेच कलोसियम आणि तोच त्रेवी कारंजा दाखवतात. आम्ही त्यांना दक्षिणेला पुल्यात नेले. खाण्याच्या द्राक्षांसाठी तिथे ‘तेन्दोने’ नावाची पद्धत आहे, म्हणजे सरळसरळ आपला मांडव, वर प्लास्टिकचे आच्छादन घातलेला. बागेत शिरताच आमची माणसे घडांकडे न पाहता तारांकडे पाहू लागली. कोपऱ्यातील खांब जमिनीत कसा पुरला आहे, ताण कुठे दिला आहे, पाऊस आला तर प्लास्टिकवरचे पाणी कुठे जाते, यावर तेथील मालक आणि आमचे शेतकरी दुभाष्याला मागे टाकून हातवारे करत दोन तास बोलत होते.

2009 ते 2017 या काळात दर वर्षी चार-पाच ग्रुप गेले आणि आले. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

2018 च्या दिवाळीनंतर आमचा टूर मॅनेजर, ज्याला मी स्वतः रूमिंग लिस्ट, म्हणजे कोणाला कोणती खोली याची यादी, करायला शिकवले होते, एका मोठ्या कंपनीत गेला. माणसाने पुढे जावे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण जाण्यापूर्वी त्याने तिन्ही वह्यांच्या पानापानाचे मोबाइलवर फोटो काढले होते आणि ग्राहकांचे फोन क्रमांकही नेले होते. जानेवारीत त्या कंपनीची जाहिरात आली. मुक्कामांचा क्रम आमचा, ज्येष्ठांसाठी कोमो आमचे, ‘महाराजांच्या छत्रीचे दर्शन’ हे शब्दही आमचे आणि दर माणशी तीस हजारांनी कमी. त्यांच्या टूरवर जाऊन आलेल्या एका जुन्या ग्राहकाने मला सांगितले, की छत्री पुलावरून जाताना चालत्या कोचमधून दाखवली, डावीकडे की उजवीकडे हे कळेपर्यंत ती मागे गेली. आमचे गिऱ्हाईक गेले याचे दुःख झालेच. पण कोल्हापूरच्या माणसाला फ्लॉरेन्सपर्यंत नेऊन छत्रीजवळ कोचमधून उतरू दिले नाही, हे मी आजही विसरलेलो नाही.

2019 च्या उन्हाळ्यात आमचे दोनच ग्रुप निघाले, तेही निम्मे रिकामे. मग मी वीस वर्षांच्या सवयीविरुद्ध एक निर्णय घेतला. दर खाली आणण्यासाठी एप्रिल 2020 च्या ग्रुपची हॉटेल, कोच आणि विमानाची तिकिटे परतावा न मिळणाऱ्या दरात, पूर्ण पैसे भरून घेतली. एकतीस माणसे नोंदली गेली आणि एकेचाळीस लाख रुपये बाहेर गेले. 21 फेब्रुवारीला लोंबार्दीतील कोदोन्यो या गावातील कोरोनाच्या रुग्णाची बातमी आली, 9 मार्चच्या रात्री सगळी इटली बंद झाल्याचे जाहीर झाले आणि 23 मार्चपासून आपल्याकडची आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. आमचे डिपार्चर 12 एप्रिलचे होते.

इटलीच्या सरकारने हॉटेलांना पैशांऐवजी व्हाउचर देण्याची मुभा दिली होती, त्यामुळे माझ्याकडे व्हाउचरचा गठ्ठा आणि दारात पैसे मागणारी माणसे, अशी अवस्था झाली. त्यांची मागणी रास्त होती, कोणाच्या घरी आजारपण होते तर कोणाचा धंदा बंद होता. मी उचगावचा प्लॉट विकला, सौभाग्यवतींनी दागिने गहाण ठेवले आणि डिसेंबर 2021 पर्यंत तीस जणांचे पैसे पूर्ण फेडले. एकतिसावे नाव गुरुजींचे होते. धनादेश घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी तो परत माझ्याच खिशात घातला, नातीचे नाव एका कागदावर लिहून दिले आणि सांगितले, की विमाने सुरू झाली की हिला छत्रीपाशी ने, पण चालत ने.

व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की ग्राहकाचा अ‍ॅडव्हान्स हा आपला पैसा नसतो. तो वेगळ्या खात्यात ठेवावा आणि स्पर्धकाचा दर पाहून कधीही परतावा नसलेली खोली घेऊ नये. वहीचे फोटो काढू देऊ नयेत हे वेगळे सांगायला नको.

27 मार्च 2022 रोजी नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पुन्हा सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये सात जणांचा ग्रुप निघाला. त्यात गुरुजींची नात होती. गुरुजी त्या उन्हाळ्यातच गेले होते. तिने त्यांची काठी सोबत आणली होती आणि कॅशिनेच्या प्रत्येक बाकावर ती थोडा वेळ बसली.

त्या ग्रुपमधील साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांनी परतताना विमानतळावर विचारले, की नाईक यशवंत घाडगे जिथे पडले ते ठिकाण कुठे आहे. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतील सगळे सहकारी मारले गेल्यावर किंवा जखमी झाल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनियो नदीवर जखमी साथीदारांना सुखरूप नेणारे शिपाई नामदेव जाधव याच रेजिमेंटचे. सातारा-कोल्हापूरकडे इटलीच्या लढाईत आजोबा होते असे सांगणारी घरे आजही भेटतात, आणि इतकी वर्षे मी त्यांना फक्त व्हेनिस दाखवत होतो याची मला खंत वाटली.

जुलै 2023 मध्ये उंब्रियातील मोंतोने या गावात घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. पुढच्या वसंतात मी एकटाच तिथे गेलो. गाव टेकडीवर आहे, रस्ते अरुंद आणि चढणीचे आहेत, त्यामुळे मोठा कोच खाली ठेवून लहान गाडी करावी लागते. तिसऱ्या वहीत मोंतोनेचे पान आता भरले आहे. सुभेदारांचा बावीस जणांचा ग्रुप निघतो, तेव्हा त्या पानाची एक प्रत टूर मॅनेजरकडे असते आणि सूर्यघड्याळावर ऊन पडलेले असावे म्हणून तिथली वेळ सकाळी साडेदहाची ठेवलेली असते.