आठवीच्या पोरांकडून गृहीतक लिहून घेताना

मी माध्यमिकला विज्ञान शिकवते. तालुका प्रदर्शन जवळ आलं की पोरं "मॅडम प्रोजेक्ट सांगा ना" करत मागे लागतात. यंदा म्हटलं आधी गृहीतक, म्हणजे प्रयोगाने तपासता येईल असा अंदाज, लिहून आणा, मग बघू. तर आलं काय, "पाणी हेच जीवन", "प्लास्टिकमुळे पर्यावरणाची हानी होते". सगळे निबंधाचे विषय! पोरांना तरी काय बोलणार, प्रयोगवहीत अनुमान आधीच लिहून तयार असतं, प्रयोग नंतर, झालाच तर.

मग सरळ लंबक घेतला. खिडकीच्या गजाला दोरा, टोकाला लोखंडी नट. नट जड केला तर काय होईल? अख्खा वर्ग, "जोरात जाईल!" बरं, जोरात म्हणजे काय, मोजणार कसं? यावर जी वादावादी झाली त्यात तास संपत आला, पण माझ्या मते खरं शिकणं तेवढंच, कारण शेवटी त्यांनीच ठरवलं की मोबाईलवर 10 झोक्यांचे (जाऊन परत आला की एक झोका) सेकंद मोजायचे, नट थोडासाच ओढून सोडायचा, ढकलायचा नाही, आणि लांबी नटाच्या मध्यापर्यंत धरायची, नाहीतर मोठा नट लावला की तीच बदलते. मग कुठे वाक्य झालं: "लांबी तेवढीच ठेवून नट जड केला तर 10 झोक्यांना कमी सेकंद लागतील."

माझा प्रत्येकाला एकच प्रश्न असतो, काय आकडा आला तर तू म्हणशील माझं चुकलं? सांगता आलं नाही तर वाक्य परत लिहायचं. "पाणी हेच जीवन" तिथेच गळालं.

1 मीटर दोऱ्याला 20 सेकंद आले, जड नटालाही 20च्याच आसपास. लगेच खोडरबर बाहेर! तेव्हापासून गृहीतक पेननेच लिहायचं आणि मार्क वाक्याला, निकालाला नाही. एकीने मग लिहिलं, दोरा अर्धा केला तर वेळही अर्धा होईल. आले 14 सेकंद. चिडून तिने दोरा कमी करत करत 25 सेंटीमीटरवर आणला तेव्हा कुठे 10 मिळाले.

प्रदर्शनाला मात्र सगळ्यांना ज्वालामुखीच हवाय. म्हटलं करा, पण बदलणार काय, मोजणार काय ते आधी सांगा. "सोडा तेवढाच ठेवून व्हिनेगर कोमट घेतलं तर फेस लवकर येईल" इथवर गाडी आलीय, आता "लवकर"वरून भांडणं चाललीत.