आई घरी नाहीये

मंगळवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. ही भजनाला गेली होती, मोबाईल घरीच राहिला होता, म्हणून मी उचलला. "बाबा, आई कुठेय?" म्हटलं, भजनाला गेलीय. "बरं. तू ठीक ना? मग मी रात्री करते." ठेवला.

यात वावगं काही नाही. ती ऑफिसातून सुटून घरी चालत जाते तेवढ्यात फोन करते, तेवढाच तिचा मोकळा वेळ. तरी तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. बातम्या लावल्या, बंद केल्या. जेवताना हिने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

ती आईला विचारते याचं वाईट वाटलं असं नाही. मुली आईलाच विचारणार. पण ठेवायच्या आधी ती क्षणभर थांबली होती. मागे रिक्षांचे आवाज येत होते, ती मात्र गप्प. मी काही बोलतो का, याची वाट बघत असावी. आणि मला काही सुचेना. जेवलीस का, हे विचारावं तर संध्याकाळचे सहा वाजलेले.

ही तिच्याशी पाऊण पाऊण तास बोलते. काय बोलतात? कामवाली आली नाही, कोथिंबीर किती महाग, आत्याच्या सुनेचं काय झालं. सगळं मला ऐकू येत असतं. त्यातलं मला माहीत नाही असं काही नसतं. पण ते माझ्या तोंडून निघत नाही.

आणि मी तर उभा जन्म फोनच जोडले. टेलिफोन खात्याचं एमटीएनएल व्हायच्या आधीचा, १९८५ चा मी. केबल जॉइंटर. लोक फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे तो काळ. घरी फोन लागला की पेढा हातावर ठेवायचे आणि पहिला कॉल गावी लावायचे. रात्री दर उतरले की एसटीडी बूथवर रांगा लागायच्या. बायका रडायच्या, हसायच्या. पुरुष मात्र "बरे आहात ना, पैसे पोचले ना" एवढं विचारून ठेवायचे. तेव्हा वाटायचं, मीटर पळतंय म्हणून. आता मीटर कुठे आहे?

पण मी बोलायचो. हे आज कितीतरी वर्षांनी आठवलं. पावसाळ्यात कागदी वेष्टनाच्या केबलमध्ये पाणी शिरलं की तारांच्या बाराशे जोड्यांची केबल रात्र रात्र बसून पुन्हा जोडायची. मी मॅनहोलमध्ये, माझा जोडीदार एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या सगळ्या तारा येऊन मिळतात त्या चौकटीवर. एक जोडी आमच्या बोलण्यासाठी राखून ठेवायची. तो एकेका जोडीवर टोन द्यायचा, मी इकडे ती शोधायची. "मिळाली." "पुढची घे." पहाटेपर्यंत हेच. आणि "मिळाली" आणि "पुढची"च्या मध्ये तो सगळं सांगायचा. वडिलांचं ऑपरेशन, भावाशी जमिनीवरून फाटलेलं, बायको माहेरी निघून गेली तो महिना. मीही सांगायचो. थोरला दहावीत नापास झाला ते घरच्यांच्या आधी त्याला कळलं होतं. समोरासमोर चहाच्या टपरीवर बसलो की मात्र आम्ही क्रिकेटवर बोलायचो.

३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएल आणि एमटीएनएल मिळून नव्वद हजारांवर माणसं व्हीआरएस घेऊन एकाच दिवशी बाहेर पडली. त्यात तोही होता, मीही. सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं ठरत होतं, आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. तो कणकवलीला गेला तो तिथलाच झाला. ग्रुप आहे अजून. सकाळी गुलाबाची फुलं येतात, आणि मध्येच एखादा फोटो येतो, हार घातलेला. मग सगळे हात जोडतात. त्याखेरीज कोणी कोणाला फोन करत नाही.

कट्ट्यावर जातो मी रोज. तिथली माणसं चांगली आहेत. साखर, पेन्शन, निवडणूक, सोसायटीचं रिडेव्हलपमेंट. गेल्या वर्षी एकाची बायको गेली. पंधरा दिवसांनी तो येऊन नेहमीच्या जागी बसला, आम्ही त्याला पेपर दिला. त्याच्या घरी आता फोन कोण उचलत असेल? त्याची मुलं कोणाला विचारत असतील? आणि ही नसेल तेव्हा माझ्याकडे... नको, ते आज लिहीत नाही.

दादा, माझे वडील, संध्याकाळभर गॅलरीत उभे असायचे. आम्ही शेजारून आत जायचो, आईकडे.

मघाशी न राहवून जोडीदाराला फोन लावला. म्हटलं, झोपला असेल. नव्हता. विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसला होता. "कसा आहेस"वर दोघेही अडलो, मग मी विचारलं, काय बिघडलंय? त्याने स्पीकर चालू करून फोन खाली ठेवला. रिले चिकटतोय म्हणाला. पॉलिश पेपरने घासून बघ म्हटलं. तो घासत राहिला, आणि घासता घासता म्हणाला, डोळ्याचं ऑपरेशन झालं रे, एका डोळ्याने अजून धुरकट दिसतं, घरात सांगितलेलं नाही. मग मीही धाकटीच्या फोनचं सांगितलं. तो म्हणाला, माझाही तसाच येतो. एवढंच म्हणाला, आणि मला किती बरं वाटलं. अर्धा तास झाला होता.

म्हणजे वाचा गेलेली नाही. आम्हाला हातात काहीतरी लागतं, आणि नजर दुसरीकडे. अशीच आमची घडण आहे. या वयात ती बदलणार नाही, आणि आता ती बदलावी असंही मला वाटत नाही. तिच्यातूनच वाट काढायची.

दहाच्या सुमारास धाकटीचा पुन्हा फोन आला. दोघींचं झाल्यावर मी हिच्या हातून घेतला. तिच्या हॉलमधला पंखा कधीपासून आवाज करतोय, इलेक्ट्रिशियन येतो म्हणून येत नाही, हे मला हिच्याकडून ठाऊक होतं. म्हटलं, रविवारी मी येतो, खाली उतरवून बेअरिंग बघतो. ती म्हणाली, अरे बाबा, एवढ्यासाठी पुण्याला कशाला येतोस. म्हटलं, येतो. फक्त तू दुपारी घरी थांब. मी स्टुलावर असेन, खालून स्क्रू धरायला कोणीतरी लागेल.