उंदीर तिसऱ्या परिच्छेदात होते

मी संशोधनाच्या बातम्या सोप्या करून लिहिते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. "संशोधनात पाणी घालून वाचकांना पाजता, त्याचं काही वाटत नाही का?" हे प्राध्यापक मंडळी हसत हसत विचारतात, मीही हसते आणि घरी येऊन चिडते.

पाणी नाही घालत हो. संशोधनाच्या पेपरात 'सिग्निफिकंट' आलं की मी आधी सरळ 'लक्षणीय' करायचे, पण फरक चिमूटभर असला तरी तो सिग्निफिकंट असू शकतो. आता लिहिते की निव्वळ योगायोगाने एवढा फरक सहसा पडत नाही. मग वाक्य लांबतं आणि वाचक म्हणतात, सोपं कुठे केलंत?

पण एकदा घातलं पाणी. स्मृतिभ्रंशावरच्या एका औषधाचा प्रयोग होता, उंदरांवरचा. मथळा मी दिला, 'हरवलेली आठवण परत आणणारं औषध'. उंदीर होते, तिसऱ्या परिच्छेदात. मथळा लांबला की कोणी वाचत नाही हे मीच नवीन पोरांना शिकवायचे. दोन दिवसांनी एका बाईंचा फोन आला, हे औषध कुठे मिळेल, वडील मला ओळखत नाहीत आता. मी म्हटलं, अहो ते उंदरांवर आहे अजून. त्या म्हणाल्या, "असं होय", आणि वर मलाच सॉरी म्हणाल्या, नीट वाचलं नाही म्हणून. मी "काही हरकत नाही" म्हटलं! म्हणजे चूक माझी आणि माफ मी केलं त्यांना. आजही आठवलं की कसंतरी होतं.

तेव्हा स्वतःला समजावलं की सगळेच करतात. पुढे पुरावाही सापडला. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धीपत्रकं तपासलेला अभ्यास आला, त्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून माणसांबद्दल फुगवून सांगितल्याचं प्रमाण ३६ टक्के होतं. मी तो आकडा वर्षानुवर्षं सगळ्यांच्या तोंडावर फेकला, बघा, फुगवतात तुमचीच विद्यापीठं. आकडा खरा आहे. फक्त माझ्या वेळी आलेल्या पत्रकात उंदीर पहिल्याच ओळीत होते, तिथून खाली मी ढकलले.

तरी प्राध्यापकांना मी सुटू देणार नाही. त्या बाईंना तुमचा मूळ पेपर दिला असता तर काय कळलं असतं? तुम्ही कधी घेतलाय असा फोन?

आता उंदीर मथळ्यातच असतात. ऑफिसात मला उंदीरवाल्या मॅडम म्हणतात, म्हणू देत. वाचक कमी येतात हे मात्र खरं आहे, आणि जे येत नाहीत ते दुसरीकडे कुठेतरी उंदीर नसलेला मथळा वाचत असणार, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.