निगडीच्या (निर्गुडीच्या) पाल्याचा बॅच नंबर मागणारी क्लेमवाली मंडळी : माझा अनुभव

घरात कुणाचे गुडघे गेलेत आणि मेडिक्लेमवर आयुर्वेदिक हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करायचा विचार चाललाय, अशांसाठी लिहितोय. जरा लांबण लागेल, कारण डोकं अजून शांत झालेलं नाही.

आमच्या आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. ऑर्थोच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की ऑपरेशनची घाई नको, वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, गोळी दुखेल तेव्हाच घ्या. पण गोळी घेतली की तिला ॲसिडिटी, नाही घेतली की रात्रभर कण्हणं. जोतिबाच्या पायऱ्या सोडाच, घरचा जिना उतरताना कठडा धरून उलटी उतरायची. मग कोल्हापुरातल्याच एका आयुर्वेदिक हॉस्पिटलमध्ये दाखवलं, तिथल्या वैद्य मॅडमनी तपासून ॲडमिट व्हायला सांगितलं, पॉलिसी होतीच, झालो ॲडमिट. इथपर्यंत कुठंच काही अडलं नाही.

मुख्य उपचार काय, तर निर्गुडी. आमच्याकडं निगडी म्हणतात. तीन नाहीतर पाच बोटांची पानं, खालून पांढरट, जांभळट-निळा तुरा, आणि पान चुरगाळलं की उग्र वास. राधानगरी, भुदरगडकडं बांधावर कुंपणाला हीच लावतात, कारण शेळी तोंड लावत नाही. पहिल्या दिवशी शेकायच्या पोटलीसाठी पाला आला तो बघून आई सिस्टरला म्हणाली, "आगं ही तर आमच्या बांधावरची निगडी, ह्येला पैशे घेत्यात व्हय?" सिस्टर हसून गप्प. आईच्या माहेरी बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात हाच पाला उकळायचे, धान्याच्या कणगीत किडा होऊ नये म्हणून वाळवून घालायचे, आणि पावसाळ्यात गोठ्यात डासांना धुरी पण याचीच. चरकसंहितेत कृमिघ्न औषधांच्या गटात निर्गुडीचं नाव आहे हे मला मॅडमकडनं कळलं, आईला ते बिन वाचता ठाऊक होतं.

आयुर्वेदात निर्गुडी चवीला तिखट-कडू, वीर्यानं उष्ण आणि वात-कफ कमी करणारी. सूज आणि ठणका या दोन्हीवर मुख्य वापर. कंबरदुखी, मान आखडणं, गुडघे, मुरगळणं, सगळीकडं बाहेरून चालते. पाला गरम करून बांधतात, तेल काढतात, काढ्याची वाफ घेतात. महाविषगर्भ तेलातही निर्गुडी असते.

पोटली कशी करतात ते मी शेजारी उभं राहून बघितलं, कारण घरी करायची होती. निर्गुडी, एरंड आणि रुईचा पाला धुऊन पुसून बारीक चिरायचा (रुईचा चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही, हात लगेच धुवायचे). कढईत थोडं तेल, त्यात ठेचलेला लसूण, किसलेलं खोबरं, लिंबाच्या फोडी, हळद, सैंधव आणि मग पाला. खोबरं तांबूस होईपर्यंत परतायचं. सुती कापडात घट्ट बांधायचं, तव्यावर तेलात टेकवून गरम करायचं, आणि आधी आपल्या हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायचं. वयस्कर माणसाला, त्यातून शुगर असेल तर, पायाला चटका कळत नाही, म्हणून ही पायरी गाळायची नाही म्हणजे नाही. गुडघ्याला आधी तेल, मग पोटली दाबत दाबत फिरवायची, गार झाली की दुसरी. त्याशिवाय जानुबस्ती, म्हणजे गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरून ठेवणं. त्या वेळी आईचा चेहरा सासुरवाशीण माहेरी टेकल्यागत व्हायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापास्नं सकाळचं आखडणं कमी झालं. "लई हलकं वाटालंय," म्हणाली.

मॅडमनी सरळ सांगितलं होतं की झिजलेली कूर्चा परत येत नाही, दुखणं आणि सूज कमी होईल, चालणं सुधारेल, व्यायाम सोडायचा नाही. हे सांगितलं म्हणूनच माझा विश्वास बसला.

आता क्लेम.

हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नव्हतं म्हणून कॅशलेस नाही, बिल भरून रिइम्बर्समेंट. फाइल पाठवली. मग मेल यायला लागले. पहिला मेल, हॉस्पिटलचा रजिस्ट्रेशन दाखला द्या. दिला. पुढचा, बेड किती? पॉलिसीतच लिहिलेलं असतं की आयुष (म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) हॉस्पिटलला किमान ५ बेड, चोवीस तास वैद्य, उपचाराची वेगळी खोली आणि रोजच्या नोंदी पाहिजेत. हे सगळं लेटरहेडवर घेऊन दिलं. मग ॲडमिट करायची गरज काय होती, हे ओपीडीत झालं नसतं का? या प्रश्नावर मला राग आला पण प्रश्न बाद नाही, कारण फक्त मालिश करून घ्यायला ॲडमिट होणारे पण असतात आणि त्याचा त्रास खऱ्या पेशंटला होतो. मॅडमनी रोजची केसपेपरची पानं दिली, त्यात बस्ती, पथ्य, रोज गुडघा किती वाकतो त्याचं माप, सगळं होतं. मला वाटलं सुटलो.

मग तो मेल आला. मी तो ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवला आणि आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या अकाउंट्सच्या पोरांनी टेबलं वाजवली. बिलात एक ओळ होती, निर्गुंडी पत्र, म्हणजे निगडीचा पाला. तर म्हणे 'सदर औषधाचा बॅच नंबर, उत्पादन तारीख, एक्सपायरी आणि फार्मसीचे टॅक्स बिल सादर करावे'. अरे बाबांनो, पाला आहे तो! हॉस्पिटलच्या मागच्या कुंपणाला वाढलेला, सकाळी मावशी विळ्यानं कापून आणतात, ती त्याची उत्पादन तारीख, आणि दुपारपर्यंत सुकला की ती एक्सपायरी. 

हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीला मी सांगतोय की मॅडम हे झाडाचं पान आहे, ती म्हणते, "सर, सिस्टीममध्ये फील्ड मँडेटरी आहे." मी म्हटलं मग झाडाचं नाव टाका. "सर, न्यूमेरिक आहे." आता यावर काय बोलणार! दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पॉलिसी नंबर, जन्मतारीख आणि सगळी रामकहाणी पहिल्यापास्नं. फोनवरची ती पेटीची धून आता झोपेत पण ऐकू येते. स्टेशन रोडच्या त्यांच्या ऑफिसात गेलो तर तिथले साहेब म्हणाले क्लेम इथं बघत नाहीत, ते पुण्यास्नं होतं, पुण्याला फोन केला तर ते म्हणाले तुमचं जवळचं ऑफिस गाठा. काउंटरवरच्या पोरानं मात्र हळूच सांगितलं, "दादा, तोंडी काय सांगू नका, वैद्यांकडनं लेखी घ्या आणि कायद्याचं कलम घाला, कलम दिसलं की फाइल वर सरकती." त्या पोराचं भलं होवो.

मॅडमकडं गेलो, त्या पण वैतागल्या, पण पत्र असं लिहून दिलं की बास. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, कलम ३३ ईईसी, त्याच्या परंतुकात, म्हणजे अपवादाच्या ओळीत, म्हटलंय की वैद्य स्वतःच्या पेशंटसाठी आयुर्वेदिक औषध बनवत असेल तर त्याला ते कलम लागू नाही, म्हणजे उत्पादनाचा परवाना लागत नाही. मग बॅच नंबर येणार कुठनं? खाली लिहिलं, 'ताजा पाला, रुग्णालयाच्या आवारातून, उपचाराच्या दिवशी तोडलेला'. सोबत मी झाडाचा फोटो काढून लावला. खरं तर चिडून लावला, पण लावला.

त्यानंतर नुसती शांतता. पोर्टलवर 'अंडर प्रोसेस'. दिवस उजाडला की चहाआधी मी तेच बघायचो, बायको म्हणाली आईच्या गुडघ्यापेक्षा तुमचं बीपी बघायची वेळ आलीय. शेवटी कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला, म्हणजे तक्रार विभागाला, मेल टाकला आणि त्यात दोन गोष्टी लिहिल्या. एक, विमा नियामकाचं ३१ जानेवारी २०२४ चं परिपत्रक, ज्यात आयुष उपचारांना बाकीच्या उपचारांच्या बरोबरीनं धरायला सांगितलंय. दोन, २९ मे २०२४ चं मास्टर सर्क्युलर, त्यानुसार क्लेम नाकारला किंवा पैसे कापले तर पॉलिसीतल्या कुठल्या अटीनं, ते लेखी सांगावं लागतं. हे दोन्ही टाकल्यावर जे हललं ते! बाकी सगळं मंजूर, पैसे खात्यात. कापली फक्त एकच ओळ, तीच, निर्गुंडी पत्र. कारण काय, 'नॉन-पेएबल'. अट कुठली ते नाही.

आत्ता आठवलं, हे आधीच सांगायला पाहिजे होतं, ॲडमिट होण्याआधी कंपनीला कळवा, मुदत पॉलिसीत दिलेली असते. ऑर्थोचा जुना एक्स-रे आणि चिठ्ठी पण फाइलला लावा, दुखणं जुनं आणि खरं आहे हे त्यानं दिसतं. पॅकेजचं एकरकमी बिल घेऊ नका, प्रत्येक उपचार तारखेनिशी वेगळा लिहून घ्या. आणि पोटलीच्या बिलात 'मसाज' शब्द कुठंही येऊ देऊ नका, तो दिसला की यांना स्पा आठवतो.

औषधाबाबतही एक महत्त्वाचं. सांधे लाल, गरम, सुजलेले आणि अंगात ताप असेल तर वर सांगितलेली तेलाची पोटली नाही चालत. आयुर्वेदात ज्याला आमवात म्हणतात तो असू शकतो, तिथं तेल टाळून वाळूचा कोरडा शेक देतात, तेव्हा आधी निदान, मग पोटली. निर्गुडी उष्ण आहे, पित्ताच्या माणसानं पोटात घ्यायची असेल तर वैद्याला विचारूनच, आणि गरोदर बाईनं मनानं घेऊच नये. आमच्या शेजारच्या काकू बातमी ऐकून पाल्याचा रसच प्यायला निघाल्या होत्या, आईनंच त्यांना थांबवलं.

आई आता पोटली घरी घेते, पाला मामा गावाकडनं पाठवतो, जिना सरळ तोंडानं उतरते, कठडा मात्र धरतेच.

आणि ती कापलेली ओळ मी सोडलेली नाही. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकलीय. तिथंही नाही झालं तर विमा लोकपाल, कोल्हापूरला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीकडं लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघायची आणि कंपनीनं नाही म्हटल्यापासनं वर्षाच्या आत जायचं. रक्कम बघितली तर मिसळ खायला गेलं तरी संपेल इतकी. आई म्हणते, "पाल्याच्या पैशासाठी भांडालास व्हय रं?" भांडतोय. कुठल्या अटीनं कापले ते मला लेखी पाहिजे.