चौथ्या खांबापासून अडीच हात

जुलै २०२४चा शेवटचा आठवडा. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि पारा तिशीच्या पुढे गेला होता. मी वाफ्यात उभी राहून लोखंडी सळई जमिनीत खुपसत होते. दर वेळी ती खड्याला लागून टण्ण वाजायची. मला पीव्हीसी पाइपचा पोकळ आवाज हवा होता, आणि तो काही येत नव्हता.

मी मूळची तासगावची. राहुरीला कृषी अभियांत्रिकी केलं, मग शिकायला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्सला आले आणि इथेच ठिबक बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. हे गाव म्हणजे जॉर्जिया विद्यापीठ, आणि विद्यापीठ म्हणजे फुटबॉल. तोही हाताने खेळायचा अमेरिकन फुटबॉल. खेळणारी पोरं कॉलेजातली, पण सॅनफर्ड स्टेडियममध्ये एका वेळी नव्वद हजारांवर माणूस बसतं. त्या वर्षी स्टेडियमच्या दक्षिण बाजूचं नूतनीकरण संपत आलं होतं, सुमारे ६.८५ कोटी डॉलरचं. त्यात आमचा वाटा शेपटाएवढा. नैऋत्य कोपऱ्याबाहेरचे झाडांचे वाफे आणि त्यांचं पाणी.

या मैदानाभोवती प्रिव्हेटचं कुंपण आहे. आपल्याकडे जुन्या बंगल्यांना मेंदीचं असतं ना, तसंच कातरलेलं. १९२९ साली स्टेडियम सुरू झालं, पहिल्याच सामन्यात येल विद्यापीठाला १५-० हरवलं, तेव्हापासूनचं ते कुंपण. १९९६च्या ऑलिंपिकमध्ये आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचे सामने इथे झाले. त्याला मैदान जास्त रुंद लागतं म्हणून कुंपण उपटावं लागलं. तेव्हा त्याच झाडांच्या फांद्या आधीच गुपचूप दुसरीकडे लावून वाढवल्या होत्या आणि स्पर्धा संपल्यावर ती रोपं परत आणून लावली. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्या आबांनी द्राक्षाची जुनी बाग काढताना तिच्या काड्या अशाच राखून ठेवल्या होत्या. २०२४मध्ये ते कुंपण पुन्हा नव्याने लावलं गेलं, त्यामुळे त्या वर्षी गावाचं लक्ष झाडांकडे जरा जास्तच होतं.

आणि लक्ष ठेवायला जागाही होती. स्टेडियम एका दरीत बांधलंय. तिथला मूळचा ओढा आजही मैदानाखालून काँक्रीटच्या बोगद्यातून वाहतो. पश्चिमेला दरीवरून पूल जातो. त्याच्या कठड्याला टेकलं की अख्खं मैदान दिसतं. सामना नसतानाही तिथे माणसं यायची. डब्यातली बिस्किटं खात क्रेन बघणारी जोडपी, खांद्यावर पोर घेतलेले बाप, आईवडिलांना व्हिडिओ कॉलवर काम दाखवणारे विद्यार्थी. काल नव्हती ती वीट आज दिसली तरी एकमेकांना दाखवायचे. वर्षातून घरचे सामने सहासात, पण हे लोक बारा महिने येत. मला ते बघून फार बरं वाटायचं. आमची कामं मातीखाली जातात, आणि मातीखाली गेलेलं कोण बघतं?

आता माझी चूक सांगते. मे महिन्यात फरशीखालून एक स्लीव्ह टाकली होती, म्हणजे आतून दुसरा पाइप ओवायचा चार इंची पीव्हीसी पाइप. पुढे तिच्यातून ठिबकची सबमेन, म्हणजे वाफ्यांना पाणी नेणारा पाइप, ओवायची होती. तोंडं बंद केली, खुणेला खुंट्या ठोकल्या. मोजमाप लिहून घेणार तेवढ्यात वीज कडाडली आणि साइट रिकामी करायला लावली. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या कामावर गेले. मोजमाप राहिलं. दोन महिन्यांत वर काँक्रीट ओतलं गेलं, वाफ्यात भराव पडला, सपाटीकरणात खुंट्या गेल्या. दोन्ही तोंडं बुजली. सोमवारी होली नावाच्या सदाहरित झाडाची झुडपं येणार होती आणि स्लीव्ह सापडत नव्हती. इथली माती कोकणासारखी लाल आणि चिकट. भरावात राडारोडा, त्यामुळे सळई कुठेही लागायची. नवीकोरी फरशी कापायची, एवढाच मार्ग उरला होता. कापायचं यंत्र दुपारी येणार होतं.

"मॅम, कसली शोधाशोध चाललीय?"

वर पाहिलं तर कठड्यावरून एक आजोबा वाकले होते. ऐंशीच्या आसपासचे, लाल टोपी. रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला ते एकाच जागी उभे राहून फोटो काढायचे. इथल्या रीतीप्रमाणे मला मॅम म्हणायचे, मीही त्यांना सर म्हणायचे. याआधी आमचं बोलणं नमस्कारापलीकडे गेलेलं नव्हतं.

मी खरं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "पांढरा पाइप? टोकाला निळी पट्टी?"

निळी पट्टी मीच गुंडाळली होती.

मी पुलावर धावले. ते फोनमधले फोटो मागे सरकवत होते, बोट थरथरत होतं. जून, मग मे. सगळे फोटो एकाच कोनातून, कारण ते दर वेळी कठड्याच्या त्याच खांबाला कोपर टेकवायचे. वादळाच्या दिवशीचा सकाळचा फोटो निघाला. लाल चर, कडेला पाठमोरी मी, आणि चरात पांढरं टोक. मोठं करून बघितलं तर मागे कुंपणाच्या भिंतीचे विटांचे खांब स्पष्ट दिसत होते. जिन्यापासून मोजले. चौथ्या खांबाच्या डावीकडे, साधारण अडीच हातांवर.

आबा असंच मोजतात. "सातवी ओळ, चौथा खांब, तिथनं दोन हात," असं फोनवर सांगतात आणि गडी बरोबर तिथला व्हॉल्व्ह उघडतो.

मी खाली गेले. कामावरचा माझा ग्वाटेमालाचा जोडीदार अरुंद फावड्याने खणू लागला. वरून आजोबा हाताने दाखवत होते, अजून डावीकडे, बस. पहिल्या खड्ड्यात काहीच नाही. दुसरा वीतभर पलीकडे घेतला. फूटभर खाली गेल्यावर फावड्याचा आवाज बदलला. जोडीदाराने हाताने माती सारली आणि निळी पट्टी दिसली, मळकी, पण मी मारलेली गाठ तशीच. पुलावर तोवर दहाबारा जण जमले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी "गो डॉग्ज!" ओरडलं. संघाचं नाव बुलडॉग्ज, म्हणून इथे आनंद झाला की हेच ओरडतात. मला रडू आवरेना. मी तशीच चिखलाच्या हातांनी डोळे पुसले.

यंत्र परत पाठवलं. दुसरं तोंड सरळ रेषेत तासाभरात मिळालं. चार वाजता आजोबा पुन्हा आले तेव्हा मी लाइन फ्लश करत होते. आधी लाल गढूळ पाणी आलं, मग नितळ. त्यांना सावलीत बसवून मी थंड पाणी दिलं. ते सांगत होते, १९८१च्या आधी स्टेडियमची पूर्व बाजू उघडी होती आणि लोक तिकडच्या रेल्वे रुळांवर बसून फुकट सामने बघायचे. तेही तिथे बसत. बायको तिथेच भेटली. आता ती नाही. स्टेडियमचं काम सुरू झालं तेव्हा ती आजारी होती, तिला दाखवायला म्हणून फोटो काढायला लागले. पुढे काढतच राहिले.

रात्री आबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माप आधी लिहायचं, मग घरी जायचं, पाऊस असू दे न्हाईतर वीज. आणि त्या म्हाताऱ्याला काहीतरी गोडधोड नेऊन दे." मी शेंगदाण्याचे लाडू नेले. जॉर्जियात भुईमूग भरपूर पिकतो, चव त्यांना ओळखीची लागली.

सोमवारी झुडपं लागली. ७ सप्टेंबरला घरचा पहिला सामना झाला, टेनेसी टेकविरुद्ध, ४८-३. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, एवढ्या गर्दीनंतर वाफ्यांचं काय झालं असेल या काळजीने मी जाऊन पाहिलं. काठाची माती थोडी तुडवली गेली होती, झाडं ठीक होती. तिथून जवळच अगाच्या थडग्यांपाशी कुणी ताजी फुलं ठेवली होती. अगा म्हणजे संघाचा पांढरा बुलडॉग. आजवर वारलेले सगळे अगा स्टेडियमच्या त्याच कोपऱ्यात विसावलेत.

दहा वाजता आजोबा कठड्यावर हजर होते. काम संपलं, आता फोटो कशाचे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "भिंतीकडून तिसरं झुडूप बघा, मॅम. गुरुवारपासून शेंडे करपल्यासारखे दिसताहेत."

मी खाली जाऊन पालापाचोळा बाजूला केला. तिसऱ्या झुडपाखालची माती कोरडी ठाक होती. ड्रिपरच्या तोंडाशी लाल मातीची गुठळी अडकली होती. केसातली पिन काढून ती मोकळी केली, व्हॉल्व्ह उघडला आणि थेंब पडायला लागेपर्यंत तिथेच बसून राहिले.