कातावा शोजो, ताई आणि माझा बॅड एंड

मंगळवार, रात्रीचे दीड वाजलेत

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. आत्ता अर्ध्या तासापूर्वी एका गेममधल्या मुलीने माझ्यावर असा काही आवाज चढवला की लॅपटॉप बंद करून मी किचनमध्ये जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो. वय वर्षं ३१, सकाळी नऊची मीटिंग, आणि मी इथे एका काढलेल्या चित्राला मनातल्या मनात सांगत बसलोय की बाई गं, मी तुझ्या भल्यासाठीच आलो होतो.

गेमचं नाव कातावा शोजो. गेम म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेल, गोळ्या नाहीत पळापळ नाही, नुसतं वाचायचं, खाली मजकूर सरकत राहतो, मागे चित्रं, संगीत, आणि मधूनच कधीतरी दोनतीन पर्याय येतात त्यातला एक दाबायचा. फुकट आहे, माझ्या जुन्या डबड्यावरपण आरामात चालतो. ऑफिसमधला एकजण गेलं वर्षभर मागे लागला होता की खेळ, आणि मी म्हणत होतो की वाचायचंच असेल तर पुस्तक वाचेन ना. शेवटी पावसामुळे शनिवारी ट्रेक कॅन्सल झाला आणि बसलो.

गोष्ट अशी की हिसाओ नावाचा एक मुलगा, थंडीत बर्फात उभा आहे, आवडणारी मुलगी येते, मनातलं सांगते आणि ते ऐकता ऐकताच ह्याचं हृदय दगा देतं. जन्मापासूनचा दोष होता, कोणालाच माहीत नव्हता. मग चार महिने हॉस्पिटल. सुरुवातीला मित्र येतात, फुलं येतात, मग एकेक करून सगळे यायचे बंद होतात, शेवटी ती मुलगीसुद्धा. मग आईवडील आणि डॉक्टर मिळून ठरवतात की ह्याला यामाकू नावाच्या शाळेत टाकायचं, अपंग मुलांसाठीची निवासी शाळा. तिथे पाच मुली, आणि तुम्ही कसे वागता त्यावरून कुठल्या मुलीची गोष्ट पुढे उघडणार ते ठरतं.

आता हे असं सांगितलं की कोणालाही वाटेल हे काहीतरी भलतंच प्रकरण आहे, मलाही वाटलं होतं. त्यात जन्म कुठला तर फोरचॅनवरचा, म्हणजे कोणीही नाव न सांगता काहीही टाकतं अशा वेबसाइटवरचा! एका जपानी चित्रकाराने २००० साली सहज काढलेलं एक स्केच, ते २००७ मध्ये तिथे कोणीतरी टाकलं, लोक त्यावर बोलत सुटले आणि त्यातूनच वेगवेगळ्या देशांतल्या हौशी लोकांचा एक ग्रुप जमला, फोर लीफ स्टुडिओज. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसणार. पाच वर्षं खपून त्यांनी ४ जानेवारी २०१२ ला पूर्ण गेम बाहेर काढला. लोकांना वाटलं होतं की टिंगल असेल किंवा त्याहून घाण काहीतरी असेल, आणि निघालं हे. 'तसले' सीन आहेत त्यात, पण ते बंद करायची सेटिंग आहे, मी ती पहिल्याच दिवशी बंद केली आणि काडीचं काही अडलं नाही. मला विचाराल तर ते मुळात ठेवायलाच नको होते.

असो. तर मी हानाकोच्या मागे गेलो.


बुधवार

काल अर्धवट राहिलं.

हानाको म्हणजे लायब्ररीच्या कोपऱ्यात बसून वाचणारी, अर्धा चेहरा केसांनी झाकून घेणारी. लहानपणी घराला आग लागली त्यात आईवडील गेले, ही वाचली पण शरीराच्या उजव्या बाजूवर भाजल्याच्या खुणा राहिल्या. पहिल्यांदा भेटते तेव्हा दोन शब्द धड बोलत नाही, काहीतरी काम आहे असं पुटपुटते आणि अक्षरशः पळून जाते. तिला बघताक्षणी मी ठरवून टाकलं की हिचीच गोष्ट खेळायची. आणि गंमत म्हणजे हे फक्त माझंच नाही, जो तो हेच सांगतो, की बघितल्या बघितल्या वाटलं हिला जपलं पाहिजे.

मग काय, जपत गेलो. तिच्याबरोबर बुद्धिबळ खेळलो, हळू बोललो, कुठे गर्दी असेल तर आधी तिच्याकडे बघितलं. लिली म्हणून तिची एक मैत्रीण आहे, अंध, उंच, शांत, सगळ्यांना चहा पाजणारी, तीपण हानाकोला आईसारखी जपते. ती स्कॉटलंडला गेली, मागे हानाको खोलीचं दार लावून बसली, आणि मला पर्याय आला. अर्थात मी काळजीवालाच पर्याय निवडला! असं एकटं कोणी सोडतं का माणसाला? आपल्याकडे नाही सोडत बुवा. आपल्याकडे कोणी दार लावून बसलं तर बाहेर अख्खी बिल्डिंग जमते.

आणि तिथे ती फुटली. इतके दिवस त-त-प-प करणारी पोरगी, तिने एका दमात सगळं बाहेर काढलं, की तुम्ही दोघं मला बाहुली समजता, मी तुटलेली आहे असंच धरून चालता, मला तुमचा राग येतो. बाहेर हो. संपला गेम, आली नावांची यादी. ह्यालाच बॅड एंड म्हणतात, म्हणजे चुकीचा पर्याय दाबला की मिळणारा वाईट शेवट.

मी खूप चिडलो. ऑफिसमधल्या त्याला सकाळी चहाच्या टपरीवर म्हटलं, लेका हा काय अन्याय, मी एक तरी वाईट गोष्ट केली का? तो हसायला लागला, म्हणाला सगळे हेच म्हणतात. त्याचं म्हणणं, ह्या गेमबद्दल लोकांशी बोललं की दोन तट पडतात, एक म्हणतो की हानाको कृतघ्न आहे, दुसरा म्हणतो की तूच तिला कधी विचारलं नाहीस तिला काय पाहिजे. आणि पहिल्या तटातले बरेचजण सहा महिन्यांनी गुपचूप दुसऱ्या तटात जातात. मी म्हटलं मी नाही जाणार.

हे लिहिताना घड्याळ बघतोय, सोळा तास झालेत आणि मी निम्मा तरी गेलेलोच आहे.

कारण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. हिसाओला स्वतःला हेच होत होतं ना. सुरुवातीला त्याला त्याच त्याच गोष्टीची चीड येते, गोळ्या घेतल्या का, दमला नाहीस ना, जपून. हॉस्पिटलमध्ये आलेले लोक त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ती त्याला सहन होत नाही. आणि तोच माणूस, म्हणजे मी, हानाकोकडे वळलो की नेमक्या त्याच नजरेने बघतो. गेम लिहिणाऱ्याने हे समोर ठेवलंय, लपवलेलं नाहीये, तरी मला दिसलं नाही.


शुक्रवार

आज दुसऱ्यांदा खेळलो, ह्यावेळी दार न ठोठावता. पर्याय दाबताना हात खरंच अडखळला, अगदी दगड झाल्यासारखं वाटलं. पण जमलं. हानाको शेवटी स्वतःहून बोलते, तीपण चुकते, तोपण चुकतो, आणि दोघं कबूल करतात. मोठा आनंदीआनंद नाही. बाकीच्यांच्या मते हा शेवट फार लवकर आटोपला, अजून पाहिजे होतं. मला तेवढाच बरा वाटला.

बाकीच्या गोष्टींबद्दलपण थोडं लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. रिन, जिला हात नाहीत आणि जी पायाने चित्रं काढते, तिच्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. अर्धे म्हणतात डोक्यावरून गेलं, अर्धे म्हणतात सगळ्यात भारी तीच. मला अर्धं कळलं आणि तिलाही वाटतच असतं की आपलं बोलणं कोणाला कळत नाही, तेव्हा हिशोब बरोबर आहे. एमी, अपघातात पाय गेले, त्याच अपघातात वडील गेले, ती ब्लेड म्हणजे धावायचे कृत्रिम पाय लावून धावते आणि हिसाओला पहाटे ट्रॅकवर ओढते. तिची गोष्ट खेळून खरोखरच पळायला लागलो असं सांगणारे कितीतरी खेळाडू आहेत. मी अजून शूज शोधतोय.

शिझुनेची गोष्ट मात्र बऱ्याच जणांना आवडत नाही. ती बहिरी-मुकी, स्टुडंट कौन्सिलची प्रेसिडेंट, खुणांनी बोलते आणि मिशा नावाची गुलाबी केसांची मैत्रीण दुभाषी असते. पूर्ण गोष्टीत पर्याय मोजून एकच, त्यामुळे लोक म्हणतात की हा गेम आहे की काय आहे. पण तो एक पर्याय काय आहे बघा. मिशा रडवेली होऊन सांत्वन मागते. द्यायचं की नाही? दिलंत की बॅड एंड! म्हणजे इथेपण तेच. पहिल्यांदा मला वाटलं की लिहिणाऱ्यांना मायेचं वावडंच आहे. पण नाही, तसं नाहीये. समोरच्याला बरं वाटावं म्हणून करतोय की आपल्याला बरं वाटावं म्हणून, हे ते दरवेळी तपासून घेतात.

नावाबद्दल राहिलंच. कातावा हा जपानीत शिवीच्या जवळचा शब्द आहे, आपल्याकडचा 'पांगळी' म्हणतात त्या चालीचा, आज कोणी तोंडावर म्हणणार नाही असा. त्यावरूनही लोकांचे आक्षेप आहेत आणि ते मला पटतात. आपल्याकडे हे शब्द बदलत आले, अपंग झालं, विकलांग झालं, मग दिव्यांग. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाच्या ७ प्रकारांचे २१ झाले, ॲसिडने जखमी झालेले त्यात आले. ताईला मी तेव्हा मोठ्या उत्साहाने ते सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं की. पण एसटीची पायरी आहे तेवढीच उंच आहे अजून."


शनिवार, पहाट

ताईचं लिहायचं टाळत होतो. आज लिहितो.

ताई म्हणजे माझी आत्तेबहीण, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, सांगलीला असते, हायस्कूलला इंग्रजी शिकवते. डावा पाय पोलिओचा, लहानपणापासून कॅलिपर. बसताना गुडघ्याजवळचं कुलूप उघडते त्याचा खट असा आवाज येतो, उठताना परत खट. लहानपणी आम्ही अंधारात लपाछपी खेळायचो तेव्हा त्या आवाजावरून तिला पकडायचो, आणि ती पण हुशार, कॅलिपर काढून ठेवून सरपटत जायची, मग आम्ही शोधत बसायचो.

मोठा झाल्यावर माझं कधी काय बदललं कळलं नाही. गेल्या गणपतीत आत्याच्या घरी आरतीला आम्ही वीसेक माणसं. ताई आतून आरतीचं तबक घेऊन येत होती, निरांजन पेटलेलं, कापूर, हळदकुंकू, एका हाताने भिंत धरत हळू हळू. उंबरठ्यापाशी आली आणि मी पुढे होऊन तबक काढून घेतलं. "दे ताई, पडशील." तिने दिलं. काहीच बोलली नाही. आई शेजारच्या काकूंना कौतुकाने म्हणाली की किती करतो बघा बहिणीचं. मी तबक घेऊन देवासमोर उभा, आरती सुरू झाली, टाळ, झांजा, आणि त्या सगळ्या गोंधळात मला मागून खट ऐकू आलं. ती आत जाऊन बसली होती. आरतीला आलीच नाही. तळणीचे मोदक वाढायला मात्र बाहेर आली, माझ्या पानात दोन जास्त वाढले.

ते तबक ती बाराव्या वर्षापासून आणते. आत्या वारल्यावर तर तिचंच काम ते. माझ्या जन्माआधीपासून तिला तो उंबरठा माहीत आहे.

मी हे विसरूनपण गेलो होतो. मंगळवारी रात्री ती पोरगी ओरडली तेव्हा मला आधी राग आला आणि मग, पाणी पिताना, खट ऐकू आलं.

ताई ओरडली नाही, एवढाच फरक. आपल्या घरांमध्ये ओरडत नाहीत, दोन मोदक जास्त वाढतात.


शनिवार, रात्र

फोन केला ताईला. तबकाचा विषय काढायचा ठरवलं होतं पण पंधरा मिनिटं पावसावर, कृष्णेच्या पाण्यावर आणि तिच्या दहावीच्या पेपरांवर गेली. मग म्हटलं, एक गेम खेळलो. गोष्ट सांगितली. ती मध्ये काहीच बोलेना. हानाकोने हाकलून दिलं इथपर्यंत आलो तेव्हा हसली.

"बरं केलं तिनं."

मी म्हटलं, "ताई, ते गेल्या गणपतीत..."

"माहीत आहे रे." मग थोडं थांबून, "मला तर वाटलं तुला कधी कळायचंच नाही. ह्या वर्षी दोन दिवस आधी ये, मखर तू कर. तबक माझं."

मग म्हणाली की गेमची लिंक पाठव, इंग्रजीत आहे ना, वाचता येईल. मी सांगायला लागलो की आधी अमुक निवड, मग लायब्ररीत, आणि तिने मला मध्येच तोडलं. "मास्तर, पेपर मला सोडवू दे."


रविवार, रात्री साडेअकरा

ताईचा फोन. मी घाबरलो, एवढ्या रात्री ती करत नाही.

"अरे मेला की तो!"

"कोण?"

"तुझा हिसाओ! तो जाड चष्म्याचा, मफलरवाला शेजारी आहे ना, बायकांनी जगाविरुद्ध कट केलाय म्हणणारा, तो दारूची बाटली घेऊन गच्चीवर गेला, हापण गेला मागनं, आणि पडला खाली. संपलं."

मला इतकं हसू आलं की बोलता येईना. पहिल्या भागात एकाही मुलीशी नीट सूत जुळलं नाही तर हा शेवट मिळतो, खेळाडूंमध्ये भलता प्रसिद्ध आहे. मी म्हटलं, ताई, तू सगळ्यांशी वागलीस तरी कशी?

"कशी म्हणजे? कोणाच्या मध्येमध्ये गेले नाही, अभ्यास करत होते गप. तूच म्हणालास ना की लोकांना एकटं सोडायचं असतं."

"तेवढंपण नाही गं..."

"हां, कळलं कळलं. परत पहिल्यापासून घेते. आणि तू काही सांगू नकोस."

फोन ठेवला. दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर मी टाइप केलं, "लायब्ररीत जा एकदा तरी." मग खोडलं. ती ऑनलाइन दिसत होती. थोड्या वेळाने तिचाच मेसेज आला, "टायपिंग टायपिंग काय दिसतंय मघापासून. झोप."